लीला बेणारेचा आत्मविश्वास आणि तिचे प्रेमसंबंध

विजय तेंडुलकर यांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) या नाटकाची चर्चा प्रामुख्याने मध्यमवर्गीय दांभिकता आणि समूहाची हिंसा या अंगांनी झाली आहे. ती योग्यच आहे; मात्र त्यामुळे लीला बेणारेच्या आत्मविश्वासाचा प्रश्न दुर्लक्षित राहिला. पहिल्या अंकातील तिचा थट्टेखोर, मोकळा वावर हा मुखवटा असून अखेरच्या स्वगतात 'खरी' बेणारे प्रकटते, असे सर्रास मानले जाते. आपल्या वर्गांतूनही बहुधा तसेच शिकविले जाते. प्रस्तुत लेखकास हे वाचन अपुरे वाटते.

बेणारेचा आत्मविश्वास खोटा नाही. त्याला शिक्षिकेच्या कामाचा आधार आहे आणि आपल्या वर्गाविषयी बोलताना तिच्या वाणीत कोठेही कंप नाही. प्रेमाच्या बाबतीत मात्र हा आधार तिच्या उपयोगी पडत नाही. किशोरवयात मामाच्या कौतुकामुळे तिला स्वतःच्या फुलण्याचे मोल कळले, पुढे प्रा. दामले यांच्या बुद्धिमत्तेची तिने जवळजवळ पूजा केली. दोन्ही वेळी स्वतःची किंमत तिने पुरुषाच्या नजरेतून स्वीकारली आणि दोन्ही पुरुषांनी ऐनवेळी पाठ फिरविली. अभिरूप न्यायालयाचे क्रौर्य असे की, प्रेमातील अपयशाचे निमित्त करून ते तिच्या नोकरीपर्यंत पोहोचते. म्हणजे जेथे ती स्वतःच्या बळावर उभी होती, नेमक्या त्याच जागी घाव घालते.

पोंक्षे व रोकडे यांच्यापुढे तिने ठेवलेला विवाहाचा प्रस्ताव अगतिकता म्हणून वाचला जातो. होणाऱ्या मुलासाठी नकाराचा धोका पत्करणे यास धैर्यही म्हणता येईल. याउलट, सुखात्मे, पोंक्षे, कर्णिक हे आपापल्या क्षेत्रांत अयशस्वी ठरलेले पुरुष आहेत. बेणारे सुरुवातीलाच सामंतांना त्यांची ही व्यंगे हसत सांगते. त्यांना खुपते ती तिची नीती नव्हे, हे हसणे खुपते. (दामले तर रंगमंचावर येतच नाहीत. रिकाम्या जागेतून एवढे भेकडपण दाखविणारे पात्र मराठी नाटकात विरळाच.)

अखेरच्या स्वगताच्या वेळी इतर पात्रे निश्चल असतात. ते ऐकणारा, दाद देणारा वा नाकारणारा एकही पुरुष तेथे उरलेला नाही. आपल्या शरीराविषयी आणि होणाऱ्या बाळाविषयी बेणारे येथे प्रथमच कोणाच्या संमतीची वाट न पाहता बोलते.