शंखनाद : धून देशी झाली, नावं कुठं गेली?

२६ जानेवारी २०१९ ला दिल्लीच्या राजपथावर ‘शंखनाद’ ही लष्करी धून वाजली. संगीत नागपूरच्या डॉ. तनुजा नाफडे यांचं, आणि आधार ब्रिगेडियर विवेक सोहल यांच्या कवितेचा. ती कविता महार रेजिमेंटच्या गौरवाची. ब्रिटिश धुनेच्या जागी आलेली पहिली भारतीय लष्करी धून म्हणून बातम्यांमधून तिचा गाजावाजा झाला. त्या दाव्यात खरं किती आणि घाईचं किती, हे इथे तपासायचं आहे.

हा विषय बालाघाटात बसून का, असं कोणी विचारेल. संगीतकार नागपूरच्या, आणि १९५६ पर्यंत आपल्या जिल्ह्याची राजधानी नागपूरच होती. महार रेजिमेंटचं केंद्र सागरला. बँडवाल्या जवानांना शिकवणारी लष्करी संगीत शाळा पचमढीला. ‘बीटिंग रिट्रीट’चा सोहळा १९५० च्या दशकात ज्यांनी बसवला ते मेजर रॉबर्ट्स ग्रेनेडियर्सचे, आणि त्या रेजिमेंटचं केंद्र आज जबलपूरला. दिल्लीत जे वाजतं त्याचं बरंचसं सामान आपल्या अवतीभवतीचं आहे.

आधी ‘पहिली’ या शब्दाकडे बघू. तंजावरचे सरफोजीराजे भोसले (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी दरबारात पाश्चात्त्य पद्धतीचा बँड ठेवला होता. त्याच काळात मुत्तुस्वामी दीक्षितारांनी इंग्रजी बँडच्या चालींवर संस्कृत रचना बांधल्या. म्हणजे बँड आणि आपलं संगीत यांची देवाणघेवाण दोनशे वर्षं जुनी, आणि तिच्यात एक मराठी राजघराणंही आहे. पुढे आझाद हिंद सेनेत कॅप्टन राम सिंह ठाकुरी यांनी ‘कदम कदम बढाये जा’ला चाल दिली. ते मूळचे गोरखा रायफल्सचे जवान. स्वतंत्र भारताच्या सैन्यानंही ती चाल आपलीशी केली. ‘सारे जहाँ से अच्छा’ची जी चाल संचलनात नेहमी ऐकू येते, ती प्रा. ए. लोबो यांनी बसवलेली. तेव्हा बँडवर भारतीय चाल २०१९ मध्ये पहिल्यांदा आली, असं म्हणता येत नाही. नवं आहे ते वेगळंच. आधीच्या या चाली गाण्यांच्या होत्या. ‘शंखनाद’मध्ये रागसंगीत हाच पाया धरून संचलनाची धून रचण्याचा प्रयत्न झाला. हा दावा लहान आहे, पण टिकणारा आहे.

आता धुनेकडे येऊ. बिलासखानी तोडी, भैरवी आणि किरवाणी असे तीन राग तिच्यात असल्याचं सांगितलं जातं. माझा पेशा यंत्रांचा, त्यामुळे वाद्याकडे मी आधी यंत्र म्हणूनच बघतो. ट्रम्पेट किंवा युफोनियम हे पडद्यांचं वाद्य. पडदा दाबला की नळीची लांबी ठराविक मापानं वाढते आणि ठरलेला स्वर निघतो. दोन स्वरांमधली वाट त्यात जवळजवळ नाहीच. ट्रॉम्बोनची नळी सरकते, क्लॅरिनेटवरही थोडी मींड काढता येते, पण वीस-पंचवीस जणांनी चालता चालता एकसारखी मींड घ्यायची म्हणजे कठीणच.

आता गंमत बघा. बिलासखानी तोडी आणि भैरवी यांचे स्वर तेच : रे, ग, ध, नी कोमल. दोघींमधला फरक चालीत, ठेहरावात, आंदोलनात आहे. गवई तो फरक एका गंधारात दाखवतो, कारण त्याच्याकडे वेळ असतो. बँडकडे तो नसतो. जलद संचलनात मिनिटाला साधारण १२० पावलं पडतात, म्हणजे एका पावलाला अर्धा सेकंद. तेवढ्यात आंदोलन कुठून घेणार? बँडवर आली की बिलासखानी तोडी भैरवीच्या कुशीत शिरते आणि दोन नावांचा एकच रंग कानाला लागतो. किरवाणीचं तसं होत नाही. तिच्यात ग आणि ध कोमल, नी शुद्ध. युरोपातला हार्मोनिक मायनर नेमका याच स्वरांचा. बँडची वाद्यं आणि त्यांची सुरावट या सप्तकाला सरावलेली आहेत. शुद्ध निषादावरून षड्जावर येणं पितळी वाद्यांवर ठणठणीत उतरतं. तीन रागांपैकी बँडला खरा मानवणारा किरवाणीच, असं माझं मत आहे.

यात नाफडे यांचं काम कमी ठरत नाही. बँडच्या संगीताचं पहिलं काम पाऊल उचलायला लावणं, राग उलगडणं हे नंतर. मात्र ‘शास्त्रीय संगीतावर आधारित’ या शब्दांवर विसंबून कोणी मैफलीची अपेक्षा ठेवली तर त्याची निराशा होईल. इथे रागाचे स्वर आहेत, थोडा भावही आहे, रागाचा विस्तार नाही. सरकारी कौतुकानं हा फरक नीट सांगायला हवा होता.

दुसरी मर्यादा पचमढीत दिसते. तिथली लष्करी संगीत शाळा जनरल करिअप्पांच्या पुढाकारानं १९५० साली सुरू झालेली. आपले बँडवाले स्टाफ नोटेशनवरून वाजवतात. त्याशिवाय इतक्या वाद्यांचा मेळ बसणंही अवघड. म्हणजे चाल आपली, पण वाद्यं, लिपी आणि साथीची मांडणी युरोपातून आलेली. मला त्यात कमीपणा वाटत नाही. हार्मोनियम आपण केव्हाच घरची करून टाकली. पण मग ‘गुलामीची खूण पुसली’ ही भाषा जपून वापरावी.

आणि आता मुख्य मुद्दा. कविता महार रेजिमेंटची, पण बँडला शब्द नसतात. राजपथावर सूर गेले, शब्द मागे राहिले आणि शब्दांबरोबर ते नावही. या नावामागे केवढा झगडा आहे! कंपनीच्या मुंबई सैन्यात महार शिपाई मोठ्या संख्येनं होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘लढाऊ जाती’चा सिद्धांत पुढे करून त्यांची भरती बंद झाली. सैन्यात नोकरी केलेली घरं एका फटक्यात बाहेर फेकली गेली. अर्जामागून अर्ज झाले. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार पलटण उभी राहिली, आणि युद्ध संपल्यावर काही वर्षांतच मोडली. पुन्हा १९४१ उजाडावं लागलं. डॉ. आंबेडकरांनी मागणी लावून धरली होती. त्या वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावात पहिली महार पलटण उभी राहिली. दुसरी कामठीला, म्हणजे आपल्यापासून फार लांब नाही.

गरज पडली की बोलावायचं आणि गरज सरली की नाव काढून टाकायचं, असा हा इतिहास. अशा रेजिमेंटसाठी लिहिलेल्या कवितेची धून देशाची झाली, ही अभिमानाचीच गोष्ट. पण ती देशाची होताना रेजिमेंटचं नाव बातमीतल्या एका ओळीपुरतं उरलं आणि लोकांच्या कानात ‘भारतीय धून’ एवढंच राहिलं. नाव काढून टाकण्याची जुनी सवय नकळत पुन्हा झाली, असं मला वाटतं.

तुलनेसाठी २०२२ चं ‘बीटिंग रिट्रीट’ घ्या. ‘अबाइड विथ मी’ वगळून तिथे ‘ऐ मेरे वतन के लोगो’ घेतलं गेलं. ते वाजलं की प्रदीप, सी. रामचंद्र आणि लता मंगेशकर ही तिन्ही नावं कोणीही सांगतो, कारण ते गाणं शब्दांसकट घराघरात पोचलेलं आहे. बँडसाठीच रचलेल्या चालीला ती सोय नाही. म्हणून तर लोबोंचं नाव आज फारसं कोणाला ठाऊक नाही. आणि वाजवणाऱ्याचं नाव तर कोणी विचारतही नाही. सोहळ्यात पुढे चालणारा हाच बँडवाला युद्धात स्ट्रेचर उचलून जखमींना मागे आणतो.

उपाय सोपा आहे. धून जाहीर करताना रचनाकार, कवी आणि रेजिमेंट ही तिन्ही नावं दर वेळी घ्यावीत. आपल्या मंडळाच्या हातातही एक काम आहे. बालाघाट, वाराशिवनी, कटंगी या भागांत सैन्यातल्या बँडमधून निवृत्त झालेले कोणी असतील तर त्यांच्याकडच्या हातानं लिहिलेल्या स्वरलिपीच्या वह्या, फोटो आणि आठवणी नोंदवून ठेवायला हव्यात. धून पुढची पन्नास वर्षं वाजत राहील. वह्यांना मात्र वाळवी लागते.