‘ओपनहायमर’मधून निसटलेला एप्रिल

क्रिस्टोफर नोलनचा ‘ओपनहायमर’ 2023 मध्ये आला, तेव्हा आमच्या नगरमध्येही चर्चा एकाच प्रसंगाची: गीतेच्या. मीही तावातावाने भांडलो. परवा मोबाइलवर पुन्हा पाहिला, तेव्हा खटकलं ते वेगळंच.

सिनेमाचा कणा म्हणजे 1954 ची चौकशी. ती 12 एप्रिलला सुरू झाली. त्याआधी 1 मार्चला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. त्याची राख जपानी मच्छीमारांच्या बोटीवर पडली. 2 एप्रिलला नेहरूंनी लोकसभेत मागणी केली: निःशस्त्रीकरण होईल तेव्हा होवो, निदान या चाचण्या तरी थांबवा. हेच नेहरू 1944 मध्ये आमच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहीत होते. तेव्हा तिकडे लॉस अलामॉसला बॉम्ब घडत होता.

नोलनने हे सगळं दाखवायलाच हवं होतं, असं नाही. ट्रिनिटीच्या स्फोटातली ती शांतता तर जबरदस्तच. पण हिरोशिमाच्या स्लाइड्स सुरू असतानाही कॅमेरा ओपनहायमरच्या चेहऱ्यावरून हलत नाही. भीती बॉम्ब बनवणाऱ्याचीच, पश्चात्तापही त्याचाच. राख ज्यांच्यावर पडली ते पडद्याबाहेर, आणि भारताच्या वाट्याला एक श्लोक.

आपणही त्या श्लोकावरच भांडलो ना! नेहरूही काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. होमी भाभांचा अणुऊर्जा आयोग 1948 पासून होताच, आणि 1974 मध्ये पोखरण झालं. तरी ती मागणी रास्त होती. अमेरिका, रशिया आणि ब्रिटनने चाचणीबंदीचा करार केला तो 1963 मध्ये, तोही अर्धामुर्धा: जमिनीखालचे स्फोट चालूच राहिले.