‘पुनःसंयोजित मानवी प्रथिन’ : एका संज्ञेची चिकित्सा

चेतासंस्थेच्या प्रयोगशालेय संशोधनात वापरल्या जाणाऱ्या एका द्रव्यवर्गास ‘पुनःसंयोजित मानवी प्रथिन’ असे म्हटले जाते. व्याकरणदृष्ट्या ही संज्ञा निर्दोष आहे. दोष आहे तो अन्वयात. दोन्ही विशेषणे ‘प्रथिन’ या नामास लागतात. वस्तुतः संयोजन होते ते डीएनएचे; प्रथिन हे त्याचे फळ होय. ‘मानवी’ आहे तो अमिनो आम्लांचा अनुक्रम. द्रव्य घडते ते पुष्कळदा जीवाणूच्या पेशीत.

चेतातंतुवर्धक घटकाचेच उदाहरण घ्यावे. रीटा लेव्ही-मोंताल्चिनी व स्टॅन्ली कोएन यांना ज्या कार्यासाठी 1986 चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात हा घटक उंदराच्या अर्बुदात, सर्पविषात व पुढे उंदराच्या लाळग्रंथीत आढळला होता. आज त्याचे मानवी रूप एश्चेरिशिया कोलाय या जीवाणूकडून करवून घेता येते. तेथे साखळीला नीट घडी पडत नाही. ती उलगडून पुन्हा घालावी लागते. ‘पुनः’ हा शब्द खरा शोभला असता तो येथे!

अन्वयाचा हा प्रश्न केवळ वैयाकरणाचा नव्हे. मृतांच्या पोष ग्रंथीतून काढलेल्या वृद्धिसंप्रेरकामुळे काही रुग्णांना क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा मेंदूचा प्राणघातक रोग जडला, आणि 1985 मध्ये अमेरिकेत त्याचा पुरवठा थांबला. त्याची जागा घेणारे, जीवाणूंत घडविलेले संप्रेरक या धोक्यापासून मुक्त होते. विशेषण मात्र दोहोंसही एकच : ‘मानवी’.

‘चेता’ या पदाचीही स्थिती बरी नाही. शालेय पुस्तकांत ‘चेतासंस्था’, विश्वकोशात ‘तंत्रिका तंत्र’, लोकव्यवहारात ‘मज्जातंतू’. आणि ‘अस्थिमज्जा’ म्हणताच मज्जा हाडात शिरते! बीड जिल्ह्यातील शाळेतून अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात जाणाऱ्या विद्यार्थ्यास या तिन्ही नावांखाली एकच वस्तू ओळखावी लागते.

त्याच अंबाजोगाईत दासोपंतांनी (1551–1615) पासोडीच्या कापडावर पंचीकरण मांडले. तेही संयोजनाचेच शास्त्र : प्रत्येक स्थूल भूतात अर्धा अंश स्वतःचा आणि उरलेल्या चारांचा एकेक अष्टमांश. संज्ञा एका शब्दाची असली, तरी कशाचा संयोग व किती, हे तिच्या विवरणात निःसंदिग्ध असते.

म्हणून प्रथम उल्लेखी ‘मानवी अनुक्रमाचे, जनुकसंयोजनाने जीवाणूत घडविलेले प्रथिन’ असे सविस्तर लिहावे. पेशी अन्य प्राण्याची असल्यास तिचे नाव द्यावे. पुढे ‘जनुकसंयोजनज प्रथिन’ पुरे. शब्द उच्चारास जड आहे खरा; परंतु संयोजन जनुकाचे, हे तो सांगतो.