दुरुस्त वाद्याचे वय : बास गिटारच्या कालनिश्चितीची चिकित्सा

जुन्या वाद्याचे वय ठरविणे हा वरवर पाहता संग्राहकांचा आणि व्यापाऱ्यांचा विषय वाटतो. परंतु भाग बदललेल्या, नव्याने रंगविलेल्या वाद्याबाबत हा प्रश्न विचारला जातो, तेव्हा मुळात पुरावा कशाला म्हणावे, या प्रश्नापाशी आपण येऊन पोहोचतो. पाठचिकित्सकांना मूळ पाठ आणि प्रक्षेप यांचा जो पेच परिचित आहे, तोच येथे लाकूड, तार आणि रंगलेप यांच्या रूपाने उभा राहतो. रूढ कालनिश्चिती दुरुस्तीकडे केवळ पुराव्याचा नाश म्हणून पाहते. ही भूमिका अपुरी आहे, असे प्रस्तुत टिपणात फेंडर कंपनीच्या जाझ बास या वाद्याच्या आधारे मांडावयाचे आहे.

लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियातील फुलरटन येथे १९५१ मध्ये प्रिसिजन बास आणि १९६० मध्ये जाझ बास बाजारात आणला. या वाद्यांचा नेक बॉडीला चिकटविलेला नसून चार स्क्रूंनी जोडलेला असतो. उत्पादनाच्या दृष्टीने ही सोय मोठी. कालनिश्चितीच्या दृष्टीने मात्र सर्व अडचणींचे मूळ तेच. नेक वेगळा, बॉडी वेगळी, विद्युत भाग बाहेरून विकत घेतलेले. प्रत्येकाची जन्मतारीख निराळी, आणि कोणताही भाग अर्ध्या तासात बदलता येण्याजोगा.

सामान्य ग्राहक सर्वप्रथम अनुक्रमांक पाहतो. वस्तुतः सर्वांत दुबळा पुरावा तोच. १९७६ पर्यंत हा क्रमांक नेकच्या मागील धातूच्या पट्टीवर असे. पट्ट्या डब्यातून हाताला येतील तशा उचलून लावल्या जात, त्यामुळे क्रमांकांचा क्रम हा वाद्यांचा क्रम नव्हे. शिवाय पट्टी काढून दुसऱ्या वाद्यावर बसविणे सोपे. नेकच्या बॉडीत बसणाऱ्या टोकावरील तारीख अधिक विश्वसनीय आहे. ती सुरुवातीस पेन्सिलीने लिहिली जाई, १९६२ पासून शिक्क्याने उमटविली जाऊ लागली. पण तीही केवळ नेक तयार झाल्याची तारीख होय.

आवाज कमी-जास्त करणाऱ्या पोटेन्शिओमीटरवरील आकडे अभ्यासकाच्या विशेष उपयोगाचे आहेत. '१३७६६३३' या आकड्यांतील १३७ ही सीटीएस या उत्पादकाची खूण, ६६ हे वर्ष आणि ३३ हा आठवडा. म्हणजे हा सुटा भाग १९६६ च्या तेहतिसाव्या आठवड्यातील. परंतु यावरून वाद्य १९६६ चे ठरते काय? जानेवारी १९६५ मध्ये सीबीएसने फेंडर कंपनी विकत घेतली. त्यानंतर १९६६ मध्ये या भागांचा मोठा साठा करण्यात आला आणि तो पुढील काही वर्षे वापरला गेला. सुटा भाग वाद्याच्या काळाची फक्त पूर्वसीमा देतो : वाद्य त्याआधीचे नाही, एवढेच. तेही तो भाग मूळचाच असेल तर. आणि तो मूळचा आहे हे आपण बहुधा वाद्याच्या गृहीत धरलेल्या वयावरूनच ठरवितो. हा अन्योन्याश्रय दोष विक्रेत्यांच्या प्रमाणपत्रांत सर्रास आढळतो. त्यातून सुटण्याचा मार्ग म्हणजे जोडकामाची डाखणी न हललेली आहे का, हे आधी पाहणे आणि आकडे नंतर वाचणे.

'१९६२' या वर्षाचा घोळ आणखी निराळा. याच वर्षी जाझ बासवरील दुहेरी बटणांची जागा तीन सुट्या बटणांनी घेतली आणि रोजवूडच्या जाड पट्टीऐवजी पातळ वक्र पट्टी आली. म्हणजे एकाच वर्षात दोन रूपे. त्यात १९८२ पासून कंपनीनेच '६२' या नावाने जुन्या घडणीची नवी वाद्ये काढली, आणि १९९५ पासून मुद्दाम झिजविलेली, ओरखडे पाडलेली नवी वाद्येही विकण्यास प्रारंभ केला. झीज हे वयाचे लक्षण मानण्याची आपली सवय त्यामुळे निकालात निघाली, हे एका अर्थी बरेच झाले.

नव्याने दिलेला रंग मात्र स्वतःविरुद्ध साक्ष देतो. १९६४ च्या सुमारापर्यंत रंग वाळताना बॉडी टेकविण्यासाठी तिच्यात लहान खिळे ठोकीत आणि नंतर ते काढीत. मूळ रंगकामात या छिद्रांच्या आत रंग नसतो; छिद्रांत रंग उतरलेला दिसला, तर तो नंतरचा. येथे दुरुस्तीने पुरावा नष्ट केला नाही, उलट नवा पुरावा निर्माण केला.

जाको पास्टोरियस यांचा १९६२ चा जाझ बास या संदर्भात निर्णायक ठरतो. त्याचे पडदे काढून खाचा भरलेल्या होत्या आणि पट्टीवर बोटींसाठी वापरतात त्या इपॉक्सीचे लेप होते. रूढ निकषांनुसार हे वाद्य तेथेच 'मूळ' राहिले नाही. पण १९७६ च्या त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत ऐकू येणारा, गळ्यासारखा गाणारा नाद या फेरफारातूनच आला. पुढे १९८० च्या दशकात वाद्याचे तुकडे झाले; केविन कॉफमन आणि जिम हॅमिल्टन या कारागिरांनी ते सांधून बॉडीवर मेपलचा पातळ थर चढविला. १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका उद्यानातून ते चोरीस गेले. १९८७ मध्ये पास्टोरियस निवर्तले. सुमारे दोन दशकांनी ते वाद्य त्याच शहरात पुन्हा प्रकाशात आले.

आता, हे तेच वाद्य, हे कशावरून म्हणावयाचे? कारखान्याच्या खुणा फार तर '१९६२ चा एक जाझ बास' इतकेच सांगतील. तसे अनेक आहेत. सांध्यांच्या रेषा, मेपलचा थर, इपॉक्सी असलेले मात्र एकच. कारखान्यातील तारीख वाद्याचा वर्ग सांगते, त्याची व्यक्तिरेखा दुरुस्तीच सांगते. म्हणून अशा वाद्याच्या नोंदीत एकच वर्ष लिहिणे मला अशास्त्रीय वाटते. नेक, बॉडी, विद्युत भाग, रंग आणि प्रत्येक दुरुस्ती यांच्या तारखा स्वतंत्रपणे, प्रत्येकीच्या खात्रीच्या प्रमाणासह नोंदविल्या पाहिजेत. यावर 'मग किंमत कशी ठरवायची?' असा आक्षेप व्यापारी घेतील. तो व्यवहाराच्या दृष्टीने योग्यच आहे. पण किमतीच्या सोयीसाठी कालनिश्चितीने खोटी निश्चितता पत्करण्याचे कारण नाही. आणि नेकच्या टोकावरची पुसट पेन्सिल सफाईच्या भरात पॉलिशपेपरने घासून टाकणाऱ्या दुरुस्तीकाराला कोणत्याही पद्धतीत क्षमा नाही.