मिशन शाळेच्या इतिहासात मुलं कुठे आहेत?

बेळगावच्या बेनन स्मिथ शाळेवर आपण जे लिहितो, ते बहुतेक एकाच चालीचं असतं. १८२० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर आले, १८३२ मध्ये इंग्रजी शाळा निघाली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिशन अमेरिकन मेथडिस्टांकडे गेलं. सनावळी ठीक, पण हा पाद्र्यांचा इतिहास झाला. शाळेचं नावसुद्धा मिशनऱ्यांचंच!

मी पेशाने इंजिनिअर. नकाशावरून घर कोणी आखलं ते कळतं, कोण राहिलं ते नाही. मिशनचे अहवाल तसेच, विलायतेतल्या वर्गणीदारांसाठी लिहिलेले. त्यात धर्मांतराचा हिशेब ठळक असणारच. आपण तोच मराठीत उतरवून घेतो.

१९५६ नंतरची खोड वेगळी: शाळा मराठीची की कन्नडची? अहो, ती निघाली इंग्रजी शिकवायला! घरी मराठी, कन्नड किंवा उर्दू बोलणारी मुलं तिथे का आली, पुढे त्यांचं काय झालं, हे विचारायला हवं. बेळगाव-निपाणीतल्या जुन्या ट्रंकांत शाळा सोडल्याचे दाखले अजून असतील. कसर लागण्याआधी ते वाचूया.