नाक्यावर थांबलेली मोटार

दिवाळीची सुट्टी लागली की घराघरांत मोटारप्रवासाचे बेत शिजू लागतात. फराळाचे डबे पाठीमागे रचले जातात, आजीला पुढची जागा मिळते आणि घाट लागला की पोरे खिडकीतून माना बाहेर काढतात. कागलच्या पुढे गेल्यावर पाट्यांवरची लिपी बदलते, चहा तोच राहतो. आपले सीमोल्लंघन बहुधा एवढ्यावरच आटोपते. दसऱ्याला वेस ओलांडून सोने आणायची आपली रीत. पण दुसऱ्या देशाची वेस मोटारीने ओलांडण्याचा योग आपल्यापैकी फारच थोड्यांना येतो. ज्यांना तो आला आणि ज्यांनी त्यावर पुस्तके लिहिली, त्यांनी त्या वेशीवरून कोणते सोने आणले, हे पाहण्यासारखे आहे.

प्रवासवर्णनाची खरी परीक्षा देखाव्यात होत नाही, नाक्यावर होते, असे माझे मत आहे. डोंगर, दरी आणि सूर्यास्त यांचे वर्णन बेताचा लेखकही बरे करतो, कारण अर्धे काम सृष्टीनेच केलेले असते. नाक्यावर मात्र लेखक उघडा पडतो. मोटार थांबलेली असते, कागद आत गेलेले असतात, आणि आतापर्यंत रस्त्याचा राजा असलेला माणूस एका कारकुनाच्या मर्जीचा बांधील होतो. त्या तासाभरात तो काय पाहतो, यावर पुस्तकाची किंमत ठरते.

मोटारीने सीमा ओलांडणाऱ्याजवळ पारपत्राखेरीज ‘कार्ने’ नावाचे एक पुस्तक असावे लागते. आशियातल्या अनेक देशांत त्यावाचून परकी मोटार आत घेत नाहीत. त्याच्या प्रत्येक पानाचे तीन तुकडे. देशात शिरताना एक फाडून घेतात, बाहेर पडताना दुसरा, आणि शिक्के बसलेली स्थळप्रत मालकाजवळ उरते. मोटार आणून परदेशात विकली जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. बाहेर पडल्याचा शिक्का नसेल तर जकात भरावी लागते. म्हणजे माणूस परत गेला की नाही, याहून त्याची मोटार गेली की नाही याचाच घोर जकात नाक्याला अधिक! एखाद्या विनोदी लेखकाला वर्षभर पुरेल एवढे भांडवल यात आहे; पण बहुतेक प्रवासी याला कटकट म्हणतात आणि पुढच्या डोंगराकडे वळतात.

१९५५ साली ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे सहा तरुण दोन लँड रोव्हर घेऊन लंडनहून निघाले आणि १९५६ च्या मार्चमध्ये सिंगापूरला पोहोचले. त्यांच्यापैकी टिम स्लेसर याने लिहिलेले ‘फर्स्ट ओव्हरलँड’ १९५७ साली निघाले. पुस्तक उमद्या मनाचे आहे, घरातल्या मुलांच्या हाती बेलाशक द्यावे. पण त्यात सीमा येते ती नदीसारखी, चिखलासारखी. ती एक अडचण असते. ती पार झाली की आनंद आणि पुढचा मुक्काम. पराक्रमाच्या पुस्तकाकडून याहून अधिक मागणे रास्तही नव्हे.

एला माइयार हिचे ‘द क्रूएल वे’ (१९४७) निराळ्या जातीचे आहे. १९३९ च्या उन्हाळ्यात ती आणि तिची मैत्रीण अशा दोघीच फोर्ड मोटारीतून स्वित्झर्लंडहून अफगाणिस्तानला निघाल्या. ही मैत्रीण म्हणजे लेखिका आनमारी श्वार्त्सेनबाख. पुस्तकात तिचे नाव बदलून ‘क्रिस्तिना’ केले आहे. तिला मादक द्रव्याचे व्यसन होते आणि या प्रवासात ते सुटावे, अशी माइयारची धडपड होती. त्यामुळे या पुस्तकातली प्रत्येक सीमा वाचकाला दोनदा भेटते. एक नकाशावरची; ती मोटार ओलांडते. दुसरी मैत्रिणीच्या मनातली. ती काही केल्या ओलांडता येत नाही. सामान उलटेपालटे करणाऱ्या शिपायाला जे सापडत नाही, तेच या दोघी देशामागून देश वाहून नेत असतात. त्या अफगाणिस्तानात असतानाच महायुद्ध सुरू झाले, आणि ज्या सीमा त्या मागे टाकून आल्या होत्या त्यांचा अर्थच बदलला. माइयारची भाषा कधीकधी उपदेशाकडे झुकते, हे खरे. पण मैत्रीचे अपयश इतक्या प्रामाणिकपणे सांगणारी प्रवासवर्णने थोडीच आहेत.

या तिघांत मला सर्वांत मोठा वाटतो तो जिनीव्हाचा निकोला बूव्हिए. १९५३ साली चोविशीतला हा तरुण एक फियाट ‘टोपोलिनो’ घेऊन निघाला आणि बेलग्रेडला त्याचा चित्रकार मित्र तिएरी व्हर्ने त्याला मिळाला. ‘टोपोलिनो’ म्हणजे छोटा उंदीर. इंजिन अवघे ५६९ घन सेंटिमीटरचे. चढ आला की एकाने हाकायचे आणि दुसऱ्याने ढकलायचे. आपल्या गणरायाला हे वाहन पसंत पडले असते! युगोस्लाव्हिया, ग्रीस, तुर्कस्थान, इराण, क्वेट्टा, काबूल अशी मजल दीड वर्ष चालली. तब्रीझला तर त्यांनी अख्खा हिवाळा काढला. ‘ल्युझाज द्यू मोंद’ हे पुस्तक मात्र १९६३ साली निघाले, तेही लेखकाने पदरचे पैसे घालून. नावातच कोटी आहे: जगाचा वापर आणि जगाची रहाटी, दोन्ही अर्थ त्यात बसतात.

या पुस्तकाचा शेवट खैबरच्या सीमेवर होतो. १९५४ चा डिसेंबर. व्हर्ने आधीच पुढे निघून गेलेला, बूव्हिए एकटा. अफगाण चौकीपाशी तो हुक्का ओढत बसतो आणि समोरच्या पहाडाकडे पाहत राहतो. चौकी, तिच्यावरचे निशाण, बंदुका घेतलेले पठाण, ही सारी माणसांची मांडणी त्या पहाडापुढे त्याला इवलीशी दिसते. पलीकडे काय आहे ते तो सांगतच नाही. पुढे तो हिंदुस्थानात आणि सिलोनात गेला. या पुस्तकात मात्र सीमा ओलांडण्याआधीचा तासच शेवटचा ठरतो. ज्याला इतरांनी कटकट म्हटले, त्या थांबण्यातच त्याला आपल्या सगळ्या प्रवासाचे फळ मिळाले. दीड वर्षाच्या सावकाश चालीने त्याला थांबायला शिकवले होते.

तरीही एक आक्षेप मनातून जात नाही. निशाण इवलेसे दिसायला पारपत्र स्वित्झर्लंडचे असावे लागते. १८९३ साली ड्युरँडने आखलेल्या त्या रेषेने पठाणांची एकच जमात दोन राज्यांत विभागली. ज्याचा भाऊ पलीकडे राहतो त्याला ती चौकी पहाडाएवढी दिसते. बूव्हिएच्या शेवटच्या पानांत देखावा आहे, चिंतन आहे. पण हा भाऊ नाही. गरिबांच्या घरांत इतक्या आपुलकीने वावरलेल्या लेखकाकडून ही उणीव राहावी, याची चुटपुट लागते. पुस्तक लहान ठरते असे नव्हे. ते कोणत्या बाजूने लिहिले गेले, एवढे ध्यानात ठेवून वाचावे.

आणि आपण? मराठी प्रवासी परदेशी गेला तो मुंबईच्या धक्क्यावरून, पुढे सांताक्रूझहून. समुद्राला आणि आभाळाला वेस दिसत नाही. म्हणून निघण्यापूर्वीची धांदल ‘अपूर्वाई’त (१९६०) रंगते, बंदरे आणि विमानतळ इतरत्र भेटतात, रस्त्यावरचा परका नाका मात्र आपल्या प्रवासवर्णनांत क्वचितच दिसतो. खरे तर तो आपल्या दारातच होता. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत सावंतवाडीच्या पलीकडे पोर्तुगिजांचे राज्य होते. दोन्हीकडे तीच भातशेती, तेच माड, तीच सोयरीक, आणि मध्ये चौकी. १९५५ च्या पंधरा ऑगस्टला पत्रादेवीला सत्याग्रही पडले ते त्याच रेषेवर. आज तिथून सहलीच्या मोटारी न थांबता जातात. त्या चौकीवर लेकीच्या सासरचा रस्ता अडलेल्या बापाने आपला बूव्हिए व्हायला हवे होते. त्याच्याजवळ तर बूव्हिएला न दिसलेली बाजूही होती.

स्वित्झर्लंडपासून खैबरपर्यंतचा तो रस्ता तेव्हा एका उंदराएवढ्या मोटारीला मोकळा होता. त्याच रस्त्याच्या पुढच्या टप्प्यावरची अटारीची चौकी २०२५ च्या एप्रिलमध्ये भारताने बंद केली. मोटारी वेगवान झाल्या, वेशी मात्र तशा झाल्या नाहीत. म्हणून ही पुस्तके आज नुसती करमणुकीची राहत नाहीत. या सुट्टीत घाटातून जाताना राज्याच्या हद्दीची पाटी आली, तर मोटार क्षणभर कडेला घ्यावी. मुलांना दरी दाखवावीच. पण जिथे कुणी अडवीत नाही अशी वेसही दाखवावी.