निर्भीड म्हणजे काय? रुसी करंजिया आणि 'ब्लिट्झ'

मंडळी, आज एका टॅब्लॉइडच्या संपादकाकडे बघू. हसू नका, प्रश्न तत्त्वज्ञानाचाच आहे.

रुसी करंजिया 'टाइम्स ऑफ इंडिया'त काम करून बाहेर पडले आणि १ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत 'ब्लिट्झ' हे इंग्रजी साप्ताहिक निघालं. मोकळं, स्पष्ट, निर्भय हे त्याचं ब्रीद. लोक ते शेवटच्या पानापासून वाचायचे, कारण तिथे ख्वाजा अहमद अब्बास लिहीत. पी. साईनाथही पुढे तिथेच उपसंपादक होते. तेव्हा या पत्राला नुसतं सनसनाटी म्हणून मोडीत काढता येत नाही.

आता ब्रीद तपासू. १९५९ चा नानावटी खटला घ्या. 'ब्लिट्झ'ने नौदल अधिकाऱ्याची बाजू अशी उचलून धरली की शहरच भारावलं. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्याला निर्दोष ठरवलं. उच्च न्यायालयाने मात्र दोषी ठरवलं. त्या गदारोळात मेलेल्या प्रेम आहुजाची बाजू कोण मांडणार होतं? वाचकाच्या मनात आधीच असलेलं मोठ्या आवाजात सांगायला धैर्य लागतं का हो?

१९६१ मध्ये आचार्य कृपलानींनी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यावर लोकसभेत टीका केली. करंजियांच्या पत्राने कृपलानींच्या नावाची विटंबना करणारा लेख छापला. सभागृहाने करंजियांना बोलावून समज दिली. दिसायला हा बंडखोरपणा. पण नीट बघा: झोडपला गेला तो विरोधी बाकावरचा माणूस, आणि पाठराखण झाली मंत्र्याची.

मग १९७५ उजाडलं. वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला, आणि 'ब्लिट्झ'ने आणीबाणीला पाठिंबा दिला.

करंजिया प्रामाणिक नव्हते, असं मी म्हणत नाही. नेहरूंवर, समाजवादावर त्यांची श्रद्धा होती. अडचण तिथेच आहे. शत्रूवर तुटून पडायला आवेश पुरतो. आपल्याच श्रद्धास्थानाला प्रश्न विचारताना हात थरथरतो, आणि निर्भयतेची परीक्षा त्या क्षणी होते. या परीक्षेत करंजिया उणे पडले, असं माझं मत.

१ फेब्रुवारी २००८ ला ते गेले, 'ब्लिट्झ'च्याच वाढदिवशी. आज घरी गेल्यावर आपल्या आवडत्या पत्रकाराचं नाव एका कागदावर लिहा. त्याने स्वतःच्या लाडक्या नेत्याला अडचणीचा प्रश्न शेवटचा केव्हा विचारला, ते त्याखाली लिहा. कागद कोरा राहिला, तर पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू.